रास्पबेरी पाय ४ चं मीडिया सेंटर मध्येच अडखळतं: आधी वीज, मग उष्णता, सॉफ्टवेअर सगळ्यात शेवटी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ४ जीबीचा रास्पबेरी पाय ४ (तळहाताएवढा एका बोर्डाचा संगणक), त्यावर लिब्रईलेक (कोडी हा सिनेमे लावायचा प्लेअर चालवणारी छोटी लिनक्स सिस्टीम), दादरच्या घरी हॉलमधल्या बंद टीव्ही युनिटमध्ये. वीजपुरवठ्याला मोबाइलचा ३३ वॅटचा चार्जर, सिनेमांसाठी २ टीबीची अडीच इंची यूएसबी हार्ड डिस्क, समोर ४के टीव्ही. पहिली वीस-पंचवीस मिनिटं सगळं सुरळीत, मग चित्र अडखळतं. कधी सिनेमाच्या मध्येच पडदा सेकंदभर काळा होतो. आठवड्यातून एकदोनदा डिस्कच यादीतून नाहीशी होते. मोबाइलवर घेतलेलं लग्नाचं ४के चित्रण पहिल्या सेकंदापासून तुटक चालतं. संध्याकाळी वायफायवरून काहीही लावलं की नुसतं चक्र फिरत राहतं. लिब्रईलेक तीनदा नव्याने टाकून झालं, फरक नाही.

चौथ्यांदा टाकू नका. यातलं एकही लक्षण लिब्रईलेक नव्याने टाकून जाणारं नाही. ही एकाच बिघाडाची पाच तोंडं नाहीत, किमान तीन वेगवेगळी कारणं इथे एकत्र आली आहेत. पण सुरुवात विजेपासूनच करायची, कारण वीज कमी पडली की पाय बाकीच्या सगळ्या बिघाडांची लक्षणं दाखवतो आणि मग कुठल्याच तपासणीवर भरवसा ठेवता येत नाही.

चार्जरवरचा ३३ वॅट हा आकडा पायच्या कामाचा नाही. चार्जर तेवढी शक्ती ९ व्होल्ट किंवा त्याहून जास्त दाबाला देतो, आणि तीही फोनने मागितली तरच. पाय ४ तशी मागणी करत नाही. त्याला साधे ५ व्होल्ट मिळतात, आणि त्या दाबाला बरेच चार्जर २ ते ३ अँपिअरच देतात. पायला ५.१ व्होल्ट, ३ अँपिअर लागतात. हा वरचा ०.१ व्होल्ट मुद्दाम ठेवलेला आहे, केबलमधली घट भरून काढायला. फोनसोबत येणाऱ्या बारीक केबलचा जाता-येताचा मिळून रोध पाव ओहम धरा. पाय आणि डिस्क मिळून २ अँपिअर ओढत असतील तर अर्धा व्होल्ट वाटेतच गळतो आणि बोर्डापर्यंत साडेचारच पोचतात. पायची इशाऱ्याची पातळी ४.६३ व्होल्ट आहे. त्याखाली गेलं की तो प्रोसेसरचा वेग स्वतःहून उतरवतो. मेनू तेव्हाही नीट चालतो, कारण त्याला ताकद लागत नाही, सिनेमा मात्र अडखळतो.

हे अंदाजाने ठरवू नका, मोजा. लिब्रईलेकच्या सेटिंग्जमध्ये सर्व्हिसेसखाली एसएसएच (दुसऱ्या संगणकावरून आज्ञा देण्याची सोय) चालू करा आणि लॅपटॉपवरून रूट या नावाने आत जा. तिथे व्हीसीजेनसीएमडी ही आज्ञा, जागा सोडून गेट, अंडरस्कोर, थ्रॉटल्ड असं इंग्रजीत टाइप करा. उत्तरात एक्सच्या पुढे नुसतं ० आलं तर वीज आणि उष्णता दोन्ही ठीक. ५०००५ आलं तर वीज या क्षणी कमी पडते आहे. ५०००० आलं तर आत्ता ठीक आहे, पण चालू केल्यापासून कधीतरी कमी पडली होती. ई आणि त्यापुढे चार शून्यं आली तर कारण उष्णतेचं. ही नोंद पाय पुन्हा सुरू करेपर्यंत पुसली जात नाही, म्हणून अर्धा तास सिनेमा चालवून मगच बघा. पडद्यावर विजेचं पिवळं चिन्ह दिसलं नाही म्हणून निश्चिंत राहू नका, नव्या आवृत्त्यांमध्ये ते बहुतेक वेळा दिसतच नाही.

उपाय एकच, पायसाठीचा अधिकृत १५.३ वॅटचा सप्लाय, ज्याला केबल कायमची जोडलेली असते. पाय ५ चा २७ वॅटचा अधिकृत सप्लायही चालतो. लॅमिंग्टन रोडला घेणार असाल तर दुकानदाराला ‘टाइप सी, ५ व्होल्ट’ एवढंच सांगू नका. ‘५.१ व्होल्ट, ३ अँपिअर, पाय ४ चा ओरिजिनल’ असं सांगा आणि मागचं लेबल वाचून घ्या. बोर्ड २०१९ मधल्या पहिल्या खेपेचा असेल तर लॅपटॉपची जाड, आत चिप असलेली सी-टू-सी केबल लावू नका, त्या बोर्डांना तिच्यातून वीजच मिळत नाही.

आता डिस्क. पायच्या चारही यूएसबी पोर्टना मिळून १.२ अँपिअर मिळतात. अडीच इंची डिस्क फिरायला लागताना क्षणभर १ अँपिअरपर्यंत ओढते. त्यात कीबोर्डचा रिसीव्हर आणि एखादा पेनड्राइव्ह असला की मर्यादा आलीच. डिस्क झोपून पुन्हा जागी होते नेमका तोच क्षण धोक्याचा असतो, आणि ती रोज न जाता मधूनच नाहीशी होते त्याचं कारण बहुधा हेच. आधी सप्लाय बदला. तरीही गेली तर स्वतःचा अडॅप्टर असलेला यूएसबी हब घ्या आणि डिस्क त्यावर लावा. हब घेताना एक पाहा: पायचा सप्लाय काढल्यावरही हबमधून पायचा लाल दिवा लागत असेल तर तो हब उलटी वीज देतो, परत करा.

वीज पक्की झाल्यावरही डिस्क गेली तर एनक्लोजरमधली, म्हणजे डिस्कच्या डबीतली यूएसबी चिप तपासा. काही चिपचं पायवरच्या यूएएस या डेटा वेगाने नेण्याच्या पद्धतीशी जमत नाही. जेमायक्रॉनच्या काही चिप त्यासाठी प्रसिद्ध आहेत. एसएसएचमधून डीमेसेज ही आज्ञा दिली की सिस्टीमच्या नोंदी दिसतात, त्यात यूएएस आणि अबॉर्ट हे शब्द वारंवार दिसले तर तोच दोष. एलएसयूएसबी ही यूएसबी उपकरणांची यादी देणारी आज्ञा चालवून चिपचा चार-चार अक्षरी क्रमांक घ्या (जेमायक्रॉनचा १५२डी ने सुरू होतो). मग पायमधलं मेमरी कार्ड लॅपटॉपला लावून सीएमडीलाइन फाइलमध्ये यूएसबी-स्टोरेज डॉट क्वर्क्स, बरोबरचं चिन्ह, तो क्रमांक, कोलन आणि यू, असं लिहा. फाइलमध्ये एकच ओळ असते, तिच्याच शेवटी जागा सोडून लिहायचं. नवी ओळ केली तर भर वाचलीच जात नाही. याने डिस्कचा वेग थोडा कमी होईल, पण सिनेमाला तो भरपूर आहे.

डिस्क विंडोजच्या लॅपटॉपलाही लावत असाल तर तिथलं फास्ट स्टार्टअप बंद करा. ते चालू असलं की डिस्क अर्धवट उघड्या अवस्थेत राहते आणि लिनक्स तिला एकतर लिहायला देत नाही किंवा उघडतच नाही.

वीस-पंचवीस मिनिटांनी अडखळणं हे उष्णतेचं लक्षण आहे. पाय ४ चा प्रोसेसर ८० अंशांना वेग उतरवायला लागतो आणि ८५ ला जोरात आवळतो. मे महिन्यात बिनएसीच्या हॉलमध्ये ३३-३४ अंश असतात. बंद युनिटमध्ये शेजारी सेटटॉप बॉक्स आणि राउटर तापत असले की आतली हवा सहज चाळिशी ओलांडते, आणि प्लास्टिकच्या केसमधल्या उघड्या चिपला तिथून ८० फार लांब नाही. कोडीत सेटिंग्जमधल्या सिस्टीम इन्फर्मेशनमध्ये तापमान दिसतं. सिनेमा सुरू करताना, वीस मिनिटांनी आणि चाळीस मिनिटांनी असं तीनदा टिपून ठेवा. मग युनिटचं दार उघडं ठेवून तोच सिनेमा पुन्हा लावा. आकडा दहा अंशांनी उतरला तर निदान झालं. छोटे चिकटवायचे हीटसिंक बंद कपाटात फारसे उपयोगी पडत नाहीत. पूर्ण अॅल्युमिनियमची, चिपला पॅडने चिकटणारी केस घ्या आणि युनिटच्या मागच्या प्लायला वर आणि खाली एकेक भोक पाडून घ्या, म्हणजे गरम हवा वरून निघून खालून गार येते. पंखा लावायचाच असेल तर लाल तार ४ नंबरच्या पिनेला, काळी ६ ला. आवाज खटकला तर लाल तार १ नंबरला न्या, तिथे ३.३ व्होल्ट असल्याने पंखा सावकाश फिरतो. धातूच्या केसमध्ये वायफाय थोडं कमजोर होतं, त्याकडे पुढे येतोच.

लग्नाच्या चित्रणाचं प्रकरण मात्र वेगळं आहे, ते कितीही गार केलं तरी सुधारणार नाही. व्हिडिओ दाबून साठवण्याच्या वेगवेगळ्या पद्धती असतात. पाय ४ चं हार्डवेअर त्यातली एचईव्हीसी ४के, ६० फ्रेमपर्यंत उलगडतं, पण जुनी एच २६४ फक्त १०८० पर्यंत. अनेक मोबाइल ४के चित्रण एच २६४ मध्ये ठेवतात, त्याचा सगळा भार प्रोसेसरवर येतो आणि तो पुरा पडत नाही. यूट्यूब वापरतं त्या व्हीपी९ आणि एव्ही१ या पद्धतींसाठी तर पाय ४ मध्ये हार्डवेअरच नाही, त्यामुळे यूट्यूबचं ४के त्याच्याकडून मागू नका. खात्री करायला व्हिडिओ चालू असताना कीबोर्डवर ओ दाबा. डीकोडरच्या नावापुढे एचडब्ल्यू नसेल तर काम प्रोसेसर करतोय. जुनी चित्रणं लॅपटॉपवर हँडब्रेक या प्रोग्रॅमने एचईव्हीसीत बदलून घ्या, मूळ फाइल मात्र जपून ठेवा, लग्न पुन्हा चित्रित होत नाही. यापुढे फोनच्या कॅमेऱ्यात ‘हाय एफिशिअन्सी’ हा पर्याय चालू ठेवा.

काळ्या पडद्यात दोन प्रकार आहेत. सिनेमा सुरू होताना आणि संपताना सेकंद-दोन सेकंद काळं होत असेल तर टीव्ही फ्रेमचा दर बदलतोय, ते बरोबर आहे. मध्येच होत असेल तर केबल. यूएसबी-सीच्या लगतचा मायक्रो एचडीएमआय पोर्टच वापरा. टीव्हीच्या रिमोटने कोडी चालवायचं असलं तरी तोच. मायक्रोचं अॅडप्टर आणि त्यावर जाड केबल असं लोंबतं जोडू नका, वजनाने पोर्ट सैल होतो. दोन मीटरच्या आतली थेट मायक्रो एचडीएमआय केबल घ्या. कॉन्फिग फाइलमध्ये कोणाचं तरी ऐकून ४के ६० चालू करणारी ओळ घातली असेल तर ती काढा. सिनेमे २४ फ्रेमचे असतात, त्यांना तिची गरज नाही, आणि त्या ओळीमुळे चिप जास्त तापते आणि केबलवरचा भार दुप्पट होतो. त्याऐवजी डिस्प्ले सेटिंगमध्ये मेनूसाठी १०८० ठेवा, व्हाइटलिस्टमध्ये (सिनेमासाठी चालतील अशा दरांची यादी) १०८० चे सगळे दर आणि ४के चे ३० पर्यंतचे दर निवडा, आणि प्लेअरच्या व्हिडिओ विभागात ‘अॅडजस्ट डिस्प्ले रिफ्रेश रेट’ला ‘ऑन स्टार्ट/स्टॉप’ द्या. कॅमेरा आडवा फिरताना होणारी बारीक थरथरही याने जाते.

संध्याकाळचं चक्र. आधी एक साधी परीक्षा: तोच सिनेमा संध्याकाळी डिस्कवरून लावा. तिथून नीट चालला तर दोष नेटवर्कचा. दादरसारख्या ठिकाणी इमारतीला इमारत खेटून असते, आणि २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांत न मिसळणारे चॅनेल तीनच आहेत: १, ६, ११. सगळे घरी आले की तिथे जागा उरत नाही. त्यात यूएसबी ३ ची डिस्क आणि तिची केबल याच पट्ट्यात गोंगाट करतात. कीबोर्डचा रिसीव्हर निळ्या (यूएसबी ३) पोर्टशेजारी असला की कळ दाबूनही काही न होणं याच कारणाने. रिसीव्हर काळ्या पोर्टमध्ये, अर्ध्या मीटरच्या एक्स्टेंशनवर, डिस्कपासून लांब ठेवा. पाय ५ गिगाहर्ट्झवर न्या. लिब्रईलेकच्या नेटवर्क सेटिंगमध्ये देश भारत निवडा, नाहीतर ५ गिगाहर्ट्झचे काही चॅनेल दिसतच नाहीत, आणि राउटरवर ३६ ते ४८ मधला चॅनेल ठरवून द्या.

तरीही माझं मत स्पष्ट आहे: राउटर दाराशी आणि टीव्ही हॉलच्या दुसऱ्या टोकाला असला तरी भिंतीच्या कडेने दहा मीटर चपटी कॅट ६ केबल टाका. नेटवाल्याकडून टोकं बसवून घेत असाल तर आठही तारा जोडायला सांगा. अनेकदा चारच जोडतात, मग वेग १०० मेगाबिटवर अडतो. १०८० च्या सिनेमाला तेवढा पुरतो, ४के ब्लू-रेचा दर मात्र १२८ मेगाबिटपर्यंत जाऊ शकतो. पैसे भरून बघायच्या ओटीटी सेवा कोडीतून ४के मध्ये चालवायचा अट्टहास सोडा, त्यासाठी टीव्हीतलं अॅपच वापरा.

शेवटचा मुद्दा सवयीचा. रात्री झोपताना टीव्हीचा अख्खा एक्स्टेंशन बोर्ड बंद करायची पद्धत घरोघरी आहे. पाय तेव्हा कार्डावर काही लिहीत असला तर कार्ड खराब होतं, आणि मग पुन्हा सगळं नव्याने टाकायची वेळ येते. कोडीच्या पॉवर मेनूतून बंद करा, हिरवा दिवा लुकलुकायचा थांबला की मगच बटण. खरं तर पाय बंद करायची गरजच नाही. रिकामा असताना तो ३ वॅटच्या आसपास घेतो, म्हणजे महिन्याला दोन-सव्वादोन युनिट. पावसाळ्यात तो चालू राहिलेला उलट बरा, कारण बोर्ड कोमट राहतो आणि दमट हवा संपर्कांवर बसत नाही. समुद्राजवळ घर असेल तर वर्षातून एकदा, बंद करून, कार्डाच्या पट्ट्या आयपीएने (आयसोप्रोपाइल अल्कोहोलने) पुसा.

अधिकृत सप्लाय लावून, युनिटचं दार उघडं ठेवून एक पूर्ण सिनेमा बघा आणि तीन गोष्टी इथे लिहा: थ्रॉटल्डचा आकडा, तापमानाची तिन्ही वाचनं, आणि डिस्क पुन्हा गेली असेल तर एलएसयूएसबीमधला तिचा क्रमांक.