मानेच्या मणक्याची शस्त्रक्रिया : पुन्हा दाखल होण्याची वेळ कोणावर येते?

ताई, आपले सविस्तर पत्र वाचले. सासरे ६८ वर्षांचे, मधुमेह जुना, तंबाखूची सवय, चार वर्षांपूर्वी हृदयात स्टेंट बसवलेला. मज्जारज्जूवर दाब आल्याने चालताना तोल जातो आणि सदऱ्याची बटणे लावता येत नाहीत. पुण्यातील सर्जननी मानेच्या पुढच्या बाजूने दोन ठिकाणच्या चकत्या काढून मणके जोडण्याचे सुचवले आहे आणि घर मात्र जत तालुक्यात आहे. ओळखीतल्या एका गृहस्थांना अशाच शस्त्रक्रियेनंतर आठवड्याभरात पुन्हा दाखल करावे लागले, म्हणून आपल्या घरी तसे होण्याचा धोका किती आणि तो कशावर ठरतो, असे आपण विचारले आहे. मी भूलतज्ज्ञ आहे आणि मणक्याच्या शस्त्रक्रियांसाठी येणाऱ्या रुग्णांची पूर्वतपासणी हा माझ्या कामाचा मोठा भाग आहे. त्या अनुभवावरून लिहिते. आपल्या रुग्णाचे अहवाल मी पाहिलेले नाहीत, त्यामुळे अंतिम निर्णय त्यांच्या डॉक्टरांचाच राहील.

पुन्हा दाखल होण्याचे प्रमाण मोजण्यासाठी तीस दिवसांची मुदत धरतात. ही पद्धत मुख्यतः अमेरिकेतून आली. तेथे मेडिकेअर या, मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्य विमा योजनेने ऑक्टोबर २०१२ पासून काही ठरावीक आजारांत रुग्ण फार प्रमाणात परत येत असतील तर रुग्णालयाचे पैसे कापण्यास सुरुवात केली. मानेची शस्त्रक्रिया त्या यादीत नाही, पण तेव्हापासून तिच्या बाबतीतही हा हिशेब काटेकोरपणे ठेवला जाऊ लागला. अमेरिकी सर्जनांच्या राष्ट्रीय नोंदींवरून झालेल्या अभ्यासांत पुढून केलेल्या जोडणीनंतर शंभरांत साधारण तीन रुग्ण महिन्याभरात परत येतात आणि मागून केलेल्या जोडणीनंतर हे प्रमाण सुमारे दुप्पट असते. मागून जाताना मानेचे स्नायू हाडापासून सोडवावे लागतात, जखम मोठी असते आणि तिच्यात जंतुसंसर्ग होण्याची शक्यता अधिक असते, हे त्याचे एक कारण आहे. तथापि ज्यांचे तीन-चार स्तर, म्हणजे दोन मणक्यांमधल्या जागा, दबलेले असतात, ज्यांचे वय अधिक असते आणि ज्यांचा आजार पुढे गेलेला असतो, त्यांनाच बहुधा मागची वाट सुचवली जाते, हेही तितकेच खरे आहे. म्हणून केवळ हा आकडा पाहून वाट बदलून मागू नये. दाब पुढून आहे की मागून, मानेचा बाक कसा आहे, स्तर किती आहेत, यावर ती ठरते.

धोका वाढवणाऱ्या गोष्टींपैकी बहुतेक शस्त्रक्रियेच्या आधीच रुग्णाच्या अंगी असतात. वाढते वय, मूत्रपिंडाचा जुना विकार, दम्यासारखा फुप्फुसांचा दीर्घ आजार, संधिवातासाठी अनेक वर्षे चाललेले स्टिरॉइड, रक्त न गोठण्याची प्रवृत्ती आणि रोजच्या हालचालींसाठी दुसऱ्यावर अवलंबून असणे ही कारणे अभ्यासांत वारंवार पुढे येतात. केवळ एक नस दबून हात दुखणारा रुग्ण आणि मज्जारज्जू दबलेला रुग्ण यांचाही धोका सारखा नसतो, दुसऱ्याचा अधिक असतो. आम्ही भूलतज्ज्ञ रुग्णाला एकूण प्रकृतीनुसार एक श्रेणी देतो. तिसरी किंवा त्यावरची श्रेणी असेल तर परत येण्याची शक्यता ठळकपणे वाढते. मधुमेह आणि स्टेंट दोन्ही असलेले आपले सासरे बहुधा तिसऱ्या श्रेणीत येतील. हे ऐकून घाबरू नये. या श्रेणीतील पुष्कळ रुग्ण सुखरूप घरी जातात आणि घरीच राहतात. वय आणि जुने आजार पुसता येत नाहीत, पण साखर, रक्त, पोषण आणि तंबाखू या चार गोष्टी शस्त्रक्रियेपूर्वीच्या आठवड्यांत आपल्या हातात असतात.

साखरेविषयी जरा विस्ताराने लिहिते, कारण आपल्याकडे सर्वांत जास्त घोटाळा तिथेच होतो. तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीएवनसी, ठरवून करायच्या शस्त्रक्रियेपूर्वी साडेसात ते आठच्या खाली असावी असा बहुतेक चमूंचा आग्रह असतो. ती वर असेल तर जखम चिघळणे, जंतुसंसर्ग आणि हाड उशिरा जुळणे या तिन्ही गोष्टींची भीती वाढते. मज्जारज्जूवरचा दाब वाढत असेल तर तीन महिने थांबणे परवडत नाही. अशा वेळी फिजिशियनच्या देखरेखीखाली इन्शुलिन सुरू करून दोन आठवड्यांत रोजची साखर आटोक्यात आणता येते आणि तेवढा वेळ द्यायचा की नाही हे सर्जन ठरवतात. सासऱ्यांच्या गोळ्यांत डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन आहे का, हे आजच पाहा. ही औषधे शस्त्रक्रियेच्या किमान तीन दिवस आधी थांबवावी लागतात, कारण ती चालू असताना साखर फारशी वाढलेली नसूनही रक्तात आम्ल साठू शकते आणि उलट्या-धाप लागून रुग्ण थेट अतिदक्षता विभागात जाऊ शकतो. ती कधी थांबवायची आणि पुन्हा कधी सुरू करायची, हे डॉक्टरांकडून लिहूनच घ्या. शिवाय मज्जारज्जूची किंवा घशाची सूज कमी व्हावी म्हणून डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड दिले गेले असेल तर पुढचे काही दिवस साखर उसळते. त्या दिवसांत घरी साखर मोजण्याचे यंत्र असावे.

रक्त आणि पोषण यांची चौकशी कोणी आपणहून करत नाही. हिमोग्लोबिन कमी असलेले आणि रक्तातील अल्ब्युमिन हे प्रथिन दर डेसिलिटरला ३.५ ग्रॅमच्या खाली असलेले रुग्ण परत येण्याच्या यादीत हटकून दिसतात. घरातील ज्येष्ठ माणूस दिवसभर चहा-बिस्किटांवर आणि रात्री थोड्या भाकरी-आमटीवर असेल, तर वजन ठीक दिसूनही प्रथिने तोकडी पडतात. अंडी, दूध, डाळ, मासे, जे घरात चालते ते आतापासूनच वाढवा. मूत्रपिंड अधू असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा.

तंबाखूबाबत मी कोणतीही सवलत देत नाही. धूर नाही म्हणून चघळायची तंबाखू किंवा बायकांची मिशरी निरुपद्रवी आहे असे अनेक घरांत मानले जाते, परंतु निकोटिन तोंडातूनही रक्तात उतरते, सूक्ष्म रक्तवाहिन्या आकसवते आणि हाड जुळण्याच्या प्रक्रियेत अडथळा आणते. किमान चार आठवडे आधी बंद करावी आणि जोडणी पक्की झाल्याचे एक्स-रेत दिसेपर्यंत पुन्हा हाती घेऊ नये.

आता घरी आल्यानंतरच्या दिवसांविषयी. पुढून केलेल्या शस्त्रक्रियेत अन्ननलिका बाजूला सारावी लागते, त्यामुळे गिळताना त्रास होणे ही सुरुवातीला सर्रास दिसणारी गोष्ट आहे आणि बहुतेकांची ती काही आठवड्यांत निवळते. मात्र त्या काळात ठसका लागून अन्न श्वासनलिकेत गेले तर न्यूमोनिया होतो. काहींचे पाणी आणि गोळ्याच बंद होतात, मग अशक्तपणा येतो आणि साखर बिघडते. पुढून केलेल्या शस्त्रक्रियेनंतर परत येणाऱ्यांत हे एक नेहमीचे कारण आहे. सासऱ्यांना ताठ बसवून, लहान घासांनी, मऊ खिचडी, पेज, दहीभात असे द्या. जेवल्यावर अर्धा तास आडवे होऊ देऊ नका. कोणत्या गोळ्या कुटून दिल्या तर चालतील हे डिस्चार्जच्या वेळी विचारा, कारण काही गोळ्या कुटायच्या नसतात.

दुसरे कारण वेदनाशामकांचे. ट्रॅमाडॉल आणि प्रीगॅबालिन एकत्र दिल्यावर वयस्क माणसाला गुंगी येते, बद्धकोष्ठ होतो, लघवी तुंबते आणि रात्री उठताना तोल जातो. ज्याचा मज्जारज्जू आधीच दबलेला होता त्याचे पडणे फार महागात पडते. प्रोस्टेटचा त्रास असल्यास तो आधीच सांगा. पहिले काही आठवडे रात्री दिवा, पलंगाशेजारी मूत्रपात्र आणि हाकेच्या अंतरावर माणूस, एवढी व्यवस्था असावी.

अमेरिकी अभ्यासांत घरी न जाता शुश्रूषा केंद्रात गेलेले रुग्ण अधिक परत येतात असे आढळते. आपल्याकडे जवळजवळ सगळेच घरी जातात, म्हणून हे कारण आपल्याला लागू नाही असे कोणी समजू नये. जो रुग्ण तिथे केंद्रात गेला असता, तो इथे सुनेच्या किंवा पत्नीच्या हवाली होतो. त्यामुळे डिस्चार्जच्या दिवशी सासरे आधाराशिवाय शौचालयापर्यंत जाऊ शकत नसतील, तर आणखी दोन दिवस ठेवण्याची विनंती करण्यात संकोच करू नका. शक्य असेल तर टाके तपासेपर्यंत पुण्यातच कोणाकडे तरी राहा. परत येण्याच्या घटना बऱ्याचशा पहिल्या दोन आठवड्यांतच घडतात आणि जतहून पुण्यापर्यंतचा प्रवास कित्येक तासांचा आहे.

काही लक्षणांत पुणे गाठण्याची वाट पाहायची नाही. मान फुगू लागली, श्वासाला आवाज येऊ लागला, आवाज अचानक बदलला, आडवे पडवेना, तर आत रक्त साठून श्वासनलिका दाबली जात असू शकते. हे क्वचित आणि बहुधा पहिल्या दोन दिवसांत घडते, पण तेव्हा १०८ ला फोन करून जवळात जवळचे मोठे रुग्णालय गाठायचे आणि सर्जनशी वाटेत बोलायचे. छातीत दुखणे, अचानक धाप, हातापायांतील ताकद झपाट्याने कमी होणे यांतही तेच करा. एका पायाची पोटरी सुजून दुखू लागली तर शिरेत रक्ताची गुठळी असू शकते, म्हणून त्याच दिवशी जवळच्या रुग्णालयात दाखवा. जखमेतून पाणी किंवा पू येणे, ताप येणे या गोष्टी त्याच दिवशी फोनवर कळवा आणि जखमेचा फोटो पाठवा. खांद्यातून हात उचलताना नव्याने येणारा अशक्तपणाही कळवावा. तो मानेतल्या पाचव्या नसेशी संबंधित असतो, काही दिवसांनी उद्भवतो आणि बहुतेकांत काही महिन्यांत सुधारतो, तरी तपासणी चुकवू नये.

स्टेंटसाठी चालू असलेले, रक्ताची गुठळी होऊ न देणारे ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल घरच्या घरी बंद करू नका आणि गुपचूप चालूही ठेवू नका. कोणते, किती दिवस आधी थांबवायचे आणि कोणत्या दिवशी पुन्हा सुरू करायचे, हे हृदयरोगतज्ज्ञांकडून कागदावर लिहून घ्या. तो कागद, सध्याच्या सर्व औषधांची यादी आणि एचबीएवनसी, हिमोग्लोबिन, अल्ब्युमिन व क्रिएटिनिनचे (मूत्रपिंडाच्या कामाची तपासणी) ताजे अहवाल घेऊन पूर्वतपासणीला जा. अहवाल आल्यावर येथे लिहिलेत तर मी नक्की पाहीन.