सैन्यात तांत्रिक प्रशिक्षक म्हणून केलेल्या कामाला पुढे नागरी क्षेत्रात किंमत मिळते का?

मिळते, मात्र ती आपोआप मिळत नाही, कारण मुलाखत घेणाऱ्याला हुद्दा, तुकडी आणि लघुरूपे यांतून फारसा बोध होत नाही. इंजिनातील बिघाड शोधायला शिकवणारा प्रशिक्षक कामाचे टप्पे पाडतो, प्रत्येक टप्पा ‘जमला’ केव्हा म्हणायचे याचा निकष ठरवतो आणि शिकाऊ जवान टॉर्क रेंचने (बोल्ट ठरवल्याइतका घट्ट झाला की खटका वाजवणाऱ्या पान्याने) बोल्ट आवळताना खटका ऐकू आल्यावरही जोर लावत राहिला, तर ओरडण्याऐवजी ती चूक त्याच्याच तोंडून वदवून घेतो (निदान चांगला प्रशिक्षक तरी). अर्जात हेच साध्या शब्दांत लिहावे.

अभ्यासक्रम रचनेच्या क्षेत्रात हा अनुभव परका नाही. विश्लेषण, आराखडा, निर्मिती, अंमलबजावणी आणि मूल्यमापन या टप्प्यांच्या ‘ॲडी’ पद्धतीचे मूळच १९७५ साली फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाने अमेरिकी लष्करासाठी केलेल्या कामात आहे. त्यामुळे कंपन्यांचे प्रशिक्षण विभाग, तांत्रिक लेखन, गुणवत्ता तपासणी आणि यंत्र उत्पादकांची ग्राहक-प्रशिक्षण केंद्रे या वाटा जवळच्या ठरतात.

अडचण येते ती परवान्यांची. विमान देखभालीसारख्या कामात लष्करी अनुभव कितीही दांडगा असला, तरी दुरुस्तीनंतर विमान उड्डाणयोग्य असल्याची सही करण्यासाठी नागरी परवाना लागतो आणि त्याच्या परीक्षांची तयारी सेवेत असतानाच सुरू केलेली बरी. शिकवलेल्या तासांच्या आणि विषयांच्या नोंदींची प्रमाणित प्रतही निवृत्तीपूर्वीच मागून घ्यावी. नंतर ती मिळवताना दमछाक होते.