दीडशे वेळा मोलकरीण झालेली लुपे ओंतिवेरोस: तिची कारकीर्द वाया गेली असे म्हणावे का?

दीडशे वेळा मोलकरणीची भूमिका करणारी हॉलिवूडमधील ती लॅटिना, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाची, अभिनेत्री कोण, आणि एवढी गुणी बाई एकाच साच्यात अडकून वाया गेली असे म्हणावे का, असा आपला प्रश्न आहे. तिचे नाव लुपे ओंतिवेरोस. ती वाया गेली असे मी म्हणणार नाही. मात्र तिला जे मिळायला हवे होते ते पन्नाशी उलटून गेल्यावर मिळाले, आणि तेही मुख्यतः अल्प खर्चाच्या स्वतंत्र चित्रपटांकडून मिळाले, हे आधीच मान्य करतो. दीडशेचा आकडा हा तिने स्वतः २००२ साली न्यूयॉर्क टाइम्सशी बोलताना सांगितलेला अंदाज आहे आणि त्यात रंगभूमीवरील भूमिकाही धरलेल्या आहेत.

तिचा जन्म १७ सप्टेंबर १९४२ रोजी टेक्सासमधील एल पासो येथे झाला. नदी ओलांडली की मेक्सिको, असे हे सीमेवरचे शहर. आईवडील मेक्सिकोतून आलेले होते, परंतु घर गरिबीचे नव्हते. त्यांचा टॉर्टिया बनवण्याचा कारखाना आणि दोन उपाहारगृहे होती. लुपेने टेक्सास विमेन्स युनिव्हर्सिटीतून मानसशास्त्र आणि समाजकार्य या विषयांत पदवी घेतली, लग्नानंतर ती पतीसह कॅलिफोर्नियात आली आणि तिथे तिने अनेक वर्षे समाजसेविका म्हणून नोकरी केली. त्या नोकरीला कंटाळून परिचारिकेचे शिक्षण घ्यावे की काय, अशा विचारात ती असताना चित्रपटांना गर्दीतल्या दृश्यांसाठी माणसे हवी आहेत, असा मजकूर तिच्या वाचनात आला. पतीने प्रोत्साहन दिले आणि ती गेली. म्हणजे पडद्यावर आयुष्यभर शिकलेल्यांच्या घरी झाडलोट करणारी ही बाई स्वतः पदवीधर होती आणि इंग्रजी उत्तम बोलत होती. आपण चांगले इंग्रजी बोलू लागलो की निवड करणाऱ्यांचा उत्साह मावळतो, त्यांना तुटके इंग्रजीच हवे असते, असे ती मुलाखतींत सांगत असे. हिंदी चित्रपटातली मोलकरीण मराठी वळणाचेच हिंदी बोलते, हे वर्षानुवर्षे पाहत आलेल्या आपल्याला यातली बोच समजायला वेळ लागू नये.

तिच्यातली अभिनेत्री आधी रंगभूमीने ओळखली. लुईस वाल्देस यांचे ‘झूट सूट’ हे नाटक १९७८ मध्ये लॉस एंजेलिसला आले आणि १९७९ मध्ये ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या मुख्य व्यावसायिक रंगभूमीवर, गेले. तिथवर पोहोचलेले ते पहिले चिकानो, म्हणजे मेक्सिकन वंशाच्या अमेरिकनांचे, नाटक. चाळीसच्या दशकात लॉस एंजेलिसमधील मेक्सिकन वंशाच्या तरुणांवर चाललेल्या खुनाच्या खटल्यावर ते आधारलेले आहे. त्यात लुपेने नायकाच्या आईची, डोलोरेसची भूमिका केली आणि १९८१ च्या चित्रपटातही तीच भूमिका तिच्याकडे राहिली. पुढे लॅटिनो थिएटर कंपनी उभी राहिली, तिच्या संस्थापकांमध्येही ती होती.

आपल्या प्रश्नाचे खरे उत्तर मला तिच्या दोन भूमिका शेजारी ठेवल्यावर मिळाले. पहिली १९८३ च्या ‘एल नोर्ते’ या ग्रेगरी नावा यांच्या चित्रपटातील. ग्वाटेमालातून जीव वाचवून पळालेली रोसा आणि एन्रिके ही माया या तिथल्या मूळनिवासी वंशाची बहीणभावंडे लॉस एंजेलिसला पोहोचतात. कपड्यांच्या कारखान्यात रोसाची गाठ नाचाशी पडते, आणि ही नाचा म्हणजे लुपे. स्थलांतर खात्याची धाड पडते, तेव्हा दोघी निसटतात. पुढे नाचाच रोसाला घरकामाच्या वाटेला लावते. नाचा या शहरात मुरलेली आहे. कोणाला काय उत्तर द्यायचे, कुठे गप्प राहायचे, हे तिला पाठ आहे, आणि हे सारे नव्याने आलेल्या मुलीला शिकवताना लुपेच्या बोलण्यात जी ठसकेबाज माया येते ती कोणत्याही संवादात लिहून ठेवता येणार नाही. इथे घरकाम करणारी स्त्री ही कथेतली पूर्ण व्यक्ती आहे.

दुसरी भूमिका १९८५ च्या ‘द गूनीज’मधील रोसालिता. घर सोडण्याची वेळ आलेल्या कुटुंबाला सामान आवरायला मदत हवी असते, म्हणून तिला बोलावतात. मालकिणीला स्पॅनिश येत नाही, तेव्हा मुलाचा एक वात्रट मित्र दुभाषा होतो आणि साध्यासुध्या सूचनांचे मनमानी भाषांतर करतो: कोणता अमली पदार्थ कोणत्या खणात ठेवायचा, माळ्यावर काय भयंकर गोष्टी आहेत, काम नीट केले नाही तर झुरळांसोबत कोंडून ठेवू, आणि असेच आणखी काही. मुळात हा विनोद तिच्या असहायतेवर बेतलेला आहे. मी लहानपणी तो पाहून खूप हसलो होतो. मोठेपणी पुन्हा पाहिला तेव्हा माझी नजर लुपेच्या चेहऱ्यावर खिळली. समोर हसून बोलणारी मालकीण आणि कानावर पडणारे हे शब्द यांचा मेळ तिला लागत नाही, ती भेदरते. लुपेने ती भीती पूर्ण खरी ठेवली आहे आणि म्हणूनच ते दृश्य आजही टिकते. चित्रपटाच्या शेवटी गोट्यांच्या पिशवीत लपलेली रत्ने सापडतात ती रोसालितालाच. ती धावत येऊन कागदावर सही करू नका म्हणून आकांत करते आणि त्यामुळे त्या कुटुंबाचे घर वाचते.

मधल्या वर्षांत टीव्ही मालिका आणि चित्रपट यांतील छोट्या भूमिकांची रांग आहे, तिचा तपशील इथे देत बसत नाही. १९९७ च्या ‘सेलेना’चा मात्र वेगळा उल्लेख हवा. तेहानो, म्हणजे टेक्सासमधील मेक्सिकन वळणाच्या, संगीताची तरुण गायिका सेलेना किंतानिया हिची ३१ मार्च १९९५ रोजी कॉर्पस क्रिस्टी येथे गोळी घालून हत्या झाली आणि मारेकरी होती तिच्या चाहत्यांच्या मंडळाची प्रमुख, योलांडा साल्दिवार. लॅटिनो समाजाची जखम ताजी असताना लुपेने ही भूमिका स्वीकारली. खलनायिकेचा एकही ठरावीक हावभाव तिने वापरला नाही. जवळच्या, काळजी घेणाऱ्या मावशीसारखी ती वावरते, आणि त्यामुळेच अंगावर काटा येतो.

मग २००० साली मिगेल आर्तेता यांचा ‘चक अँड बक’ आला. त्यात ती बेव्हर्ली नावाची, एका लहानशा नाट्यगृहाची व्यवस्थापक आहे. एका एकलकोंड्या तरुणाने लिहिलेले विचित्र नाटक ती पैसे घेऊन बसवून देते. त्याला स्पष्ट बोलते आणि तरी हळूहळू त्याची राखण करू लागते. या भूमिकेला वंशाचा शिक्का नव्हता आणि तिला नेमके त्याचेच अप्रूप होते. नॅशनल बोर्ड ऑफ रिव्ह्यू या चित्रपटांना पुरस्कार देणाऱ्या अमेरिकी संस्थेने त्या वर्षीची सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्री म्हणून तिची निवड केली. एवढी एक संधी मिळताच काय घडले ते पाहिले, म्हणजे आधीच्या वीस-पंचवीस वर्षांत आपण काय काय पाहायचे राहिलो याची मला हळहळ वाटते.

त्यानंतर दोनच वर्षांनी पॅट्रिशिया कार्डोसो यांच्या ‘रिअल विमेन हॅव कर्व्ह्‌ज’मध्ये तिने कार्मेन ही आई साकारली आणि मुलीची भूमिका करणाऱ्या अमेरिका फेरेरासह स्वतंत्र चित्रपटांच्या सनडान्स महोत्सवात अभिनयासाठी परीक्षकांचा विशेष पुरस्कार मिळवला. टीव्हीच्या प्रेक्षकांना ती आठवते ती ‘डेस्परेट हाउसवाइव्ह्ज’मधील सुनेवर पाळत ठेवणारी सासू, हुआनिता सोलिस म्हणून, त्या भूमिकेसाठी २००५ मध्ये तिला एमी पुरस्काराचे नामांकन मिळाले.

मोलकरणीच्या भूमिकांची तिला लाज कधीच वाटली नाही, हेही सांगितले पाहिजे. या देशात राबणाऱ्या हातांचे प्रतिनिधित्व करण्याचा आपल्याला अभिमान आहे, अशा आशयाचे ती बोलत असे, आणि घरकाम करणाऱ्या स्थलांतरित स्त्रियांवरील ‘मेड इन अमेरिका’ या माहितीपटाचे निवेदनही तिनेच केले. तिची तक्रार त्या कामाबद्दल नव्हती, दुसरे काहीच देऊ न करणाऱ्या व्यवसायाबद्दल होती. या दोन गोष्टींत गल्लत केली की तिच्यावर अन्याय होतो.

२६ जुलै २०१२ रोजी, वयाच्या ६९ व्या वर्षी, यकृताच्या कर्करोगाने कॅलिफोर्नियातील व्हिटियर येथे तिचे निधन झाले. त्याच वर्षी ‘रॉब’ या विनोदी मालिकेत ती आजीच्या भूमिकेत दिसली होती.

आपल्याला तिचे एकच काम पाहायचे असेल, तर ‘रिअल विमेन हॅव कर्व्ह्‌ज’मधली कार्मेन पाहा. मुलगी न्यूयॉर्कला शिकायला निघाली आहे आणि आईने स्वतःला खोलीत कोंडून घेतले आहे. बाहेरून मुलगी आशीर्वाद मागते, पुन्हा मागते, आणि दार उघडत नाही.