लोकलच्या खडखडाटात पॉडकास्ट: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

या वेळी आलेल्या पत्रांत बहुतेकांची तक्रार एकच आहे: घरी छान ऐकू येणारा पॉडकास्ट बाहेर पडल्यावर ऐकू येत नाही, किंवा मध्येच तुटतो. गाण्याचा थोडा भाग हुकला तरी चालतो. बोलण्यातला एक शब्द हुकला तर वाक्य जाते. म्हणून उत्तरे बोललेले नीट कळावे या दृष्टीनेच दिली आहेत.

प्रश्न (डोंबिवली): रोज लोकलने जाता-येता मराठी मुलाखती ऐकतो. एकेरी प्रवास सव्वा तासाचा. घरी निम्म्या आवाजात स्पष्ट ऐकू येते, गाडीत मात्र आवाज पूर्ण वाढवावा लागतो. नॉइज कॅन्सलिंगचे महागडे इयरबड्स घ्यावेत का?

उत्तर: घ्यायच्या आधी आहेत त्या बड्सच्या रबरी टिप बदलून पाहा. बड्सच्या खोक्यात साधारण तीन मापे येतात आणि बहुतेक लोक कारखान्यातून लावून आलेली मधलीच वर्षानुवर्षे वापरतात. घरात पंखा पूर्ण वेगाने लावा, एखादा भाग सुरू करा आणि बड बोटाने हलकेच आत दाबा. दाबल्यावर पंख्याचा आवाज कमी झाला आणि निवेदकाचा आवाज भरदार झाला, तर टिप कानात नीट बसत नाही, फटीतून बाहेरचा गोंगाट आत येतो आहे. मग एक माप मोठी लावा. डाव्या-उजव्या कानाची भोके सारखी नसतात, त्यामुळे दोन बाजूंना दोन मापे लागली तर बिनधास्त लावा. रबरी टिप घसरत असतील तर फोमच्या घ्या: बोटांनी दाबून बारीक करायच्या, कानात घालायच्या आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट धरून ठेवायच्या.

नॉइज कॅन्सलिंग काय करते तेही समजून घ्या. चाकांची घरघर, मोटरची आणि पंख्यांची गुणगुण असे खालच्या पट्टीतले सलग आवाज ते चांगले कापते. शेजारच्यांच्या गप्पा, भजनी मंडळाचे टाळ, फेरीवाल्याची हाक हे त्याला फारसे जमत नाही. ते आवाज अडवते ती टिप. म्हणजे टिप सैल असेल तर महाग बड्सही निम्मेच काम करतील. दारात उभे राहिलात तर कॅन्सलिंगसाठी गोंगाट टिपणाऱ्या बड्सच्या बाहेरच्या माइकवर वारा आपटतो आणि उलट घोंघाट वाढतो. तेव्हा कॅन्सलिंग बंद केलेलेच बरे.

आता आवाजाचे. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा प्रौढांसाठी 80 डेसिबलला आठवड्याला 40 तास अशी आहे, आणि दर 3 डेसिबल वाढीला हा वेळ निम्मा होतो: 83 ला 20 तास, 86 ला 10, 89 ला 5. तुमचे दिवसाला अडीच तास म्हणजे सहा दिवसांचे 15 तास. 83 पर्यंत तुम्ही सुरक्षित आहात, 86 ला नाही. आयफोनवर सेटिंग्जमधल्या ‘साउंड्स अँड हॅप्टिक्स’मध्ये ‘हेडफोन सेफ्टी’त जाऊन ‘रिड्यूस लाउड ऑडिओ’ सुरू करा आणि पट्टी 80 वर आणा. दुसऱ्या कंपनीच्या हेडफोनला हा आकडा अंदाजाचा असतो, तरी लगाम म्हणून उपयोगी पडतो.

एक मात्र अगदी फुकट मिळणारे आहे. पॉकेट कास्ट्ससारख्या ॲपमध्ये ‘व्हॉल्यूम बूस्ट’ असते. मुलाखतीत पाहुण्याचा आवाज यजमानापेक्षा हळू आला असेल तर ते दोघांना जवळ आणते, त्यामुळे सारखी बटणे दाबावी लागत नाहीत. शिवाय इक्वलायझरमध्ये (आवाजाचे वेगवेगळे पट्टे कमी-जास्त करायच्या सोयीत) 150 हर्ट्झच्या खालचे कमी करा आणि 2 ते 4 हजार हर्ट्झचा पट्टा 3-4 डेसिबलने वर घ्या. क, ट, त, प ही व्यंजने ओळखायला त्या पट्ट्याचा फार आधार असतो आणि घरघरीखाली आधी तीच दबतात.

प्रश्न (पुणे): सकाळी टेकडीवर चालताना डावा बड दर मिनिटाला तुटतो. घरात तेच बड्स दुसऱ्या खोलीतूनही चालतात. बिघडलेत का?

उत्तर: बहुधा नाहीत. ब्लूटूथ 2.4 गिगाहर्ट्झवर चालते आणि आपल्या शरीरातले पाणी त्या लहरी शोषून घेते. घरात भिंतींवर आपटून त्या वळसा घालून कानापर्यंत येतात. उघड्यावर परतवायला भिंतच नसते. फोन उजव्या मागच्या खिशात असेल तर डाव्या कानापर्यंत सगळे शरीर आडवे येते. फोन पुढच्या खिशात, तुटणाऱ्या बडच्याच बाजूला ठेवून पाहा, किंवा दंडाच्या पट्ट्यात डाव्या हाताला लावा. बहुतेकांचे काम एवढ्यावर होते.

तरीही तुटत असेल आणि तुमचा अँड्रॉइड फोन एलडॅकवर (ब्लूटूथवरून जास्त डेटा वापरून आवाज पाठवायच्या पद्धतीवर) असेल तर ते बंद करा. ब्लूटूथच्या यादीत बड्सच्या नावापुढच्या गिअरवर टॅप केले की एलडॅकचे बटण दिसते. एलडॅक सेकंदाला 990 किलोबिटपर्यंत पाठवू पाहते, आणि पॉडकास्टची फाइल मुळात 64 ते 128 किलोबिटची असते. बोलणे ऐकायला एएसी किंवा साधे एसबीसी या कमी डेटाच्या पद्धती पुरेशा आहेत. रस्त्यावर त्या जास्त टिकतात.

प्रश्न (रत्नागिरी): मुंबईला जाताना बोगद्यांत पॉडकास्ट थांबतो. डाउनलोड करून घेतला तरी कधीकधी आपोआप बंद पडतो. असे कसे?

उत्तर: ही दोन वेगळी दुखणी आहेत. पहिले रेंजचे. कोकण रेल्वेवरचा करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटरचा आहे. गाडी ताशी 80 ने गेली तरी पाच मिनिटे आत जातात. डाउनलोडला पर्याय नाही, आणि डेटाही फार लागत नाही: 128 किलोबिटचा तासाभराचा भाग साधारण 58 एमबी, 64 चा 29 एमबी. ॲपमध्ये ‘वायफायवर आपोआप डाउनलोड’ लावून ठेवा. खात्री अशी करा: निघायच्या आधी फोन फ्लाइट मोडवर टाका, ब्लूटूथ पुन्हा सुरू करा, भाग लावा आणि पट्टी ओढून शेवटाकडे न्या. तिथूनही वाजला तर फाइल पूर्ण उतरली आहे. नुसती सुरुवात वाजली म्हणून समाधान मानू नका.

दुसरे दुखणे फोनच्या बॅटरी-बचतीचे. स्क्रीन बंद झाल्यावर काही वेळाने फोन मागे चालणारे ॲप मारतो. अँड्रॉइडवर सेटिंग्जमध्ये ॲप्स, मग तुमचे पॉडकास्ट ॲप, मग बॅटरी, आणि तिथे ‘अनरिस्ट्रिक्टेड’ निवडा. काही कंपन्यांच्या फोनमध्ये ‘ऑटोस्टार्ट’ची परवानगी वेगळी द्यावी लागते.

प्रश्न (कोल्हापूर): बड्सवर आयपीएक्स4 लिहिले आहे. पावसात चालतील का? उजवा बड हल्ली चार्जच होत नाही.

उत्तर: आयपीएक्स4 म्हणजे शिंतोडे आणि घाम. भुरभुर पाऊस चालेल, आषाढातली झड नाही. आणि हा आकडा बहुतेक वेळा फक्त बड्सचा असतो, चार्जिंगच्या डबीचा म्हणजे केसचा नसतो. ओले बड्स केसमध्ये टाकणे ही सगळ्यात महागात पडणारी सवय: पाणी आणि घामाचे मीठ चार्जिंगच्या सोनेरी टिपक्यांवर बसते, तिथे गंज धरतो आणि वीज जाणे थांबते. तुमच्या उजव्या बडचे बहुधा हेच झाले आहे. कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एखादा थेंब घेऊन बडचे टिपके आणि केसमधल्या पिना पुसा, पूर्ण वाळू द्या, मग लावा. आवाज बारीक झाला असेल तर जाळीत मळ अडकलेला असतो: जाळी खाली धरून कोरड्या मऊ टूथब्रशने झाडा. टाचणी घालू नका, मळ आत ढकलला जातो. तांदळाच्या डब्यातही ठेवू नका. पिठूळ धूळ जाळीत जाते.

प्रश्न (नाशिक): रस्त्याचे भान राहावे म्हणून एकाच कानात बड घालते. काही भागांत एकच माणूस बोलताना ऐकू येतो. स्कूटरवर एका कानात चालेल का?

उत्तर: काही मुलाखतींत यजमान डाव्या आणि पाहुणा उजव्या बाजूला टाकलेला असतो. सेटिंग्जमधल्या ‘ॲक्सेसिबिलिटी’त ‘मोनो ऑडिओ’ सुरू करा, दोघेही एका कानात येतील. चालताना एका कानाची सवय चांगली, ती सोडू नका. मात्र फाटक किंवा रूळ ओलांडताना तोही काढा. स्कूटरवर अजिबात नको. मागचा ट्रक कोणत्या बाजूने येतो हे दोन्ही कान उघडे असल्यावरच कळते, आणि वाऱ्यात ऐकू यावे म्हणून आवाज वाढवला जातो तो वेगळाच.

प्रश्न (ठाणे): हेडफोन फोन आणि लॅपटॉप दोन्हींना जोडलेला असतो. बसमध्ये पॉडकास्ट अचानक डब्यातून बोलल्यासारखा येतो.

उत्तर: पिशवीतला लॅपटॉप चालू राहिला आहे आणि मीटिंगच्या ॲपने हेडफोनचा माइक धरून ठेवला आहे. माइक सुरू झाला की ब्लूटूथ ऐकण्याच्या मार्गावरून कॉलच्या मार्गावर जाते आणि आवाज फोनवरच्या संभाषणासारखा अरुंद होतो. निघताना मीटिंगचे ॲप पूर्ण बंद करा किंवा लॅपटॉपचे ब्लूटूथच बंद करा. ऑफिसातही त्या ॲपमध्ये माइक म्हणून लॅपटॉपचाच निवडून ठेवला तर हा त्रास उरणार नाही.