मोठ्या लढाईसाठी नियमावली कोणती निवडावी?

प्रश्न : आम्ही काही मित्र रणगाड्यांच्या १/२८५ प्रमाणातील छोट्या प्रतिकृती जमवतो. सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये सहा फूट बाय चार फुटांचे टेबल रविवारी दुपारी मिळते. त्यावर १९७१ च्या भारत-पाक युद्धातील बसंतरची लढाई ब्रिगेडच्या (म्हणजे अनेक रेजिमेंटांच्या) पातळीवर खेळावी, असा विचार आहे. ‘टीम यांकी’, ‘कोल्ड वॉर कमांडर’, ‘मॉडर्न स्पिअरहेड’ आणि ‘फिस्टफुल ऑफ टोज’ या युद्धखेळाच्या नियमावल्यांची नावे ऐकली आहेत. निवड कशाच्या आधारे करावी? – एक वाचक, कोथरूड

उत्तर : चारही नियमावल्या आपापल्या जागी उत्तम आहेत, पण त्यांना एका पंगतीत बसवता येत नाही. नवे खेळाडू बहुधा चिलखत भेदण्याचे तक्ते किती बारीक आहेत, हे आधी पाहतात. त्यापूर्वी दोन गोष्टी ठरवाव्यात : खेळाडू कोणत्या अधिकाऱ्याच्या जागी बसणार आहे, आणि टेबलावरचा एक तुकडा प्रत्यक्षातले किती रणगाडे दाखवणार आहे.

आपल्याच टेबलाचा हिशेब मांडून पाहू. सहा फूट म्हणजे सुमारे १८० सेंटिमीटर. प्रतिकृतीचे १/२८५ हे प्रमाण जमिनीलाही लावले, तर टेबलाची लांबी जेमतेम ५१३ मीटर भरते, आणि दीड-दोन किलोमीटरवर मारा करणाऱ्या तोफांना एवढ्या जागेत पल्ला या शब्दाला काही अर्थच उरत नाही. म्हणून जमिनीचे प्रमाण वेगळे धरावे लागते. एक इंच म्हणजे १०० मीटर धरले, तर तेच टेबल ७.२ किलोमीटर लांब आणि ४.८ किलोमीटर रुंद होते, आणि ब्रिगेडच्या लढाईला ते पुरते. आता भारताच्या सेंच्युरियन रणगाड्याचा सांगाडा सुमारे साडेसात मीटरांचा. त्याची आपल्याकडची प्रतिकृती इंचाहून किंचित मोठी, म्हणजे टेबलावर ती एकटीच शंभर मीटर जमीन अडवते. तीन रणगाड्यांचा एक ट्रूप लढताना साधारण तेवढ्याच जागेत पसरतो. तेव्हा एक प्रतिकृती म्हणजे एक ट्रूप, हा निष्कर्ष मोजपट्टीच काढून देते. प्रत्येकी १४ रणगाड्यांची तीन स्क्वाड्रन आणि मुख्यालयाचे तीन मिळून ४५ रणगाड्यांची रेजिमेंट अशा रीतीने मुख्यालयांसह सोळा तुकड्यांत मांडता येते. एकास एक या हिशेबाने ४५ च्या ४५ प्रतिकृती ठेवल्या, तर टेबलाचा गणपतीतला लक्ष्मी रस्ता होतो.

‘टीम यांकी’त एक प्रतिकृती म्हणजे एक रणगाडा असतो आणि तिची मूळ आखणी १/१०० प्रमाणासाठी, कंपनीच्या, म्हणजे साधारण एका स्क्वाड्रनएवढ्या सैन्यासाठी आहे. आपल्या प्रतिकृतींवर ती खेळता येणार नाही असे नाही, पण ती ब्रिगेडची लढाई होणार नाही. हा फरक बसंतरवरच स्पष्ट होतो. १६ डिसेंबर १९७१ रोजी जरपाल येथे पाकिस्तानी रणगाड्यांनी प्रतिहल्ला केला, तेव्हा पूना हॉर्स या भारतीय रणगाडा रेजिमेंटच्या ‘बी’ स्क्वाड्रनने वायरलेसवरून कुमक मागितली आणि ‘ए’ स्क्वाड्रनमधले सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल आपला ट्रूप घेऊन स्वतःहून निघाले. पुण्यात जन्मलेल्या या एकवीस वर्षांच्या अधिकाऱ्याचा रणगाडा पेटल्यावर त्याला तो सोडण्याचा आदेश मिळाला. तोफ अजून चालते आहे, असे कळवून तो लढत राहिला आणि तिथेच धारातीर्थी पडला. हा प्रसंग आपल्याला टेबलावर हवा असेल, तर एकास एक प्रमाणाची नियमावलीच घ्यावी. ट्रूपच्या पातळीवरील नियमांत हे सारे एका तुकड्यात आणि फाशांच्या एक-दोन फेकींत आटोपते. मात्र रेजिमेंटचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल हनुत सिंग यांच्यापुढचा प्रश्न, म्हणजे कोणते स्क्वाड्रन कुठे रोखून धरायचे हा, तिथेच नीट अनुभवता येतो. दोन्ही गोष्टी एका दुपारी मिळत नाहीत.

उरलेल्या तिघींत फरक हुकमांच्या पद्धतीचा आहे. ‘कोल्ड वॉर कमांडर’ची पद्धत ‘वॉरमास्टर’ या २००० सालच्या खेळावरून आलेली आहे. सेनापतीच्या गुणांकाइतके किंवा त्याहून कमी दान दोन फाशांवर पडले, तरच हुकूम लागू होतो आणि त्याच तुकडीला दिलेला प्रत्येक पुढचा हुकूम अधिक अवघड होत जातो. त्यामुळे खेळ वेगाने चालतो, नवा माणूसही लवकर रुळतो, पण दान रुसले तर एखादे स्क्वाड्रन दुपारभर जागचे हलत नाही. ‘मॉडर्न स्पिअरहेड’मध्ये बटालियनचा (रणगाड्यांच्या बाबतीत रेजिमेंटचा) मार्ग नकाशावर बाणाने आधीच आखावा लागतो आणि तो बदलणे सहजासहजी जमत नाही. स्क्वाड्रनमागून स्क्वाड्रन त्याच दिशेने येणारा प्रतिहल्ला या बंधनातून आपोआप उभा राहतो. बसंतरसाठी माझी पसंती हिलाच आहे. ‘फिस्टफुल ऑफ टोज’मध्ये जगभरच्या वाहनांच्या याद्या आहेत. क्षेपणास्त्रे आणि हेलिकॉप्टरे असलेल्या पुढच्या काळातील लढाया खेळायच्या झाल्यास तिच्याकडे वळावे.

कोणतीही नियमावली विकत घेण्यापूर्वी तिच्यातले सुरुंगांविषयीचे पान मात्र वाचून पाहावे. बसंतरला सुरुंगक्षेत्रातील वाट पूर्ण मोकळी होण्याआधीच रणगाडे पलीकडे नेले गेले. इंजिनिअरांचे काम जिथे एका फेकीत उरकते, तिथे ही लढाई अर्धी राहते.

प्रश्न : नियमावली बदलली की प्रतिकृती नव्या बेसवर (खालच्या पट्टीवर) चिकटवाव्या लागतात का? – एक वाचक, सहकारनगर

उत्तर : सहसा नाही. सव्वा इंचाचा चौरस बेस बहुतेक ठिकाणी चालतो. दोन्ही बाजूंचे बेस सारखे असले म्हणजे झाले. पुठ्ठा मात्र वापरू नये, कारण आपल्याकडच्या पावसाळ्यात तो कडांनी वळतो. तीन मिलिमीटरचे ॲक्रिलिक कापून घ्यावे आणि तुकडीचे नाव मागच्या कडेला लिहावे.

प्रश्न : टेबलावर सर्वांनाच सर्व दिसते. आधुनिक लढाईत ते खरे कसे वाटावे? – एक वाचक, औंध

उत्तर : यावर जुनाच उपाय सर्वांत चांगला आहे, तो म्हणजे पंच. राइसविट्झच्या १८२४ मधील प्रशियन युद्धखेळात पंच होताच. पुढे १८७६ मध्ये व्हेर्डी द्यु व्हेर्नुआ या प्रशियन सेनाधिकाऱ्यांनी तर तक्ते बाजूला ठेवून निर्णय अनुभवी पंचावर सोपवावा, असे सुचवले. पंचाने दोन्ही बाजूंच्या जागा नकाशावर ठेवाव्यात आणि शत्रूला दिसतील तेवढेच तुकडे टेबलावर मांडावेत. तोफखानाही त्याच्याच हाती द्यावा. २५ पौंडी तोफेचा पल्ला सुमारे १२ किलोमीटर आणि १३० मिलिमीटरच्या तोफेचा सुमारे २७ किलोमीटर असल्याने, सात किलोमीटरच्या टेबलावर या तोफा मांडण्याचे कारणच नाही. खेळाडूने लक्ष्य चिठ्ठीवर लिहून द्यावे आणि मारा कोणत्या खेळीत येणार, हे पंचाने ठरवावे. पंच व्हायला सहसा कोणी राजी नसते. ज्याने त्या दिवसाची लढाई आखली असेल, त्यानेच ते काम करावे, कारण दोन्ही बाजूंचे बेत त्याला तसेही ठाऊक असतात.