बी घरात उगवा, रोप बाहेर वाढवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नाशिकमधला फ्लॅट, जानेवारीची थंडी, टोमॅटो, मिरची आणि कोथिंबीर एकाच ट्रेमध्ये पेरून ट्रे हॉलच्या खिडकीत ठेवला. टोमॅटो उगवून बोटभर लांब झाले आणि आडवे पडले, मिरची बारा दिवसांत दिसलीच नाही, आणि आता बियाणं खराब निघालं अशी शंका आहे. मला तसं वाटत नाही. मिरचीला ऊब कमी पडली आणि टोमॅटोला ऊन.

मिरचीचं बी २५ ते ३० अंशांत साधारण आठ दिवसांत उगवतं. २० अंशांत बारा-तेरा दिवस घेतं, आणि १५ अंशांवर जवळजवळ पंचवीस. टोमॅटो त्याच १५ अंशांत दोन आठवड्यांत वर येतो, म्हणून शेजारच्या कप्प्यात तो दिसतो आणि मिरची नाही. निफाडचा पारा पेपरात गाजतो त्या दिवसांत शहरातही रात्री आठ-दहा अंश असतात. बंद खोलीत एवढा गारठा नसला तरी काचेला टेकलेला ओला ट्रे चांगलाच गार पडतो. तेव्हा बी मेलेलं नाही, थांबलेलं आहे. उकरून बघू नका, आणि उगवत नाही म्हणून पाणी वाढवू नका. गार आणि चिंब मिश्रणातच बी कुजतं.

पुन्हा पेरायची वेळ आली तर मिरचीच्या बियांना आधी डब्यात मोड आणा. कोमट पाण्यात रात्रभर भिजवा, ओल्या टिश्यूत गुंडाळून झाकणाच्या डब्यात घाला आणि डबा राउटर किंवा सेट-टॉप बॉक्सवर ठेवा. फ्रीजच्या वर ठेवायचा सल्ला जुना झाला. हल्लीचे बरेच फ्रीज वर नव्हे, बाजूने गरम होतात. दोन-तीन मिलिमीटर पांढरं टोक दिसलं की चिमट्याने उचलून अर्धा सेंटिमीटर खोल ठेवा. बियाण्यावर गुलाबी किंवा निळा रंग असेल तर ते बुरशीनाशक आहे. असं बी भिजवलं तर औषध धुऊन जातं, म्हणून ते कोरडंच पेरा आणि हात धुवा.

मिश्रण दोन भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग गांडूळखत. कोकोपीटची वीट भिजवल्यावर ते दोनदा स्वच्छ पाण्यातून पिळून काढा, नाहीतर त्यातला खार कोवळ्या मुळांना लागतो. मूठ घट्ट दाबल्यावर दोन-चार थेंब पडावेत. धार लागली तर जास्त ओलं आहे. कुंडीतली काळी माती ट्रेमध्ये नको. ओली असताना ती चिकटते, वाळली की तडकते, आणि तडा गेला की मुळं तुटतात. ट्रेच्या किंवा दह्याच्या कपाच्या तळाला भोकं हवीतच.

आता टोमॅटो. घरात ग्रो-लाइटखाली (रोपांसाठीच्या दिव्याखाली) सहा-आठ आठवडे रोपं वाढवा असं सांगणारे व्हिडिओ बर्फ पडणाऱ्या देशांतले असतात. नाशिकला जानेवारीत दिवसा बाहेर छान ऊन असतं. घर लागतं ते फक्त उगवणीला आणि रात्रीला. आपल्या डोळ्यांना खिडकी लख्ख वाटते, पण रोपाला तिथे बाहेरच्या उजेडाचा छोटासा वाटाच मिळतो. मग ते उजेड शोधत ताणत जातं. पेरल्यावर ट्रेवर प्लास्टिक झाका, पण पहिला वाकडा कोंब दिसला त्याच दिवशी ते काढा आणि ट्रे बाल्कनीत न्या. एक दिवस उशीर केला तरी देठ लांबतो. पहिले दोन-तीन दिवस सकाळचं ऊन, मग पूर्ण दिवस. सूर्य मावळला की आत.

आडवी पडलेली रोपं नीट बघा, कारण कारणं दोन असू शकतात. देठ सगळीकडे सारखा, हिरवट-पांढरा आणि नुसता लांब असेल तर ती उजेडाची कमतरता. अशा टोमॅटोला पहिली खरी पानं आली की बीजपत्रांपर्यंत (बीतून आधी निघालेल्या दोन साध्या पानांपर्यंत) खोल लावा. पुरलेल्या देठाला मुळं फुटतात आणि रोप सावरतं. (मिरचीला हा उपाय फारसा लागू पडत नाही.) पण मातीलगत देठ दोऱ्यासारखा बारीक, पाणचट तपकिरी झाला असेल तर ती मर, म्हणजे रोप कुजवणारा बुरशीचा रोग. ते रोप वाचत नाही. तो कप्पा मिश्रणासकट काढून टाका, बाकी ट्रेचा वरचा थर सुकू द्या, पंख्याचा हलका वारा द्या आणि पाणी वरून न घालता खालच्या ताटलीत द्या, तेही सकाळी. उरलेलं पाणी अर्ध्या तासाने ओता. ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) पेरणीआधी मिश्रणात घातला तर उपयोग. पडलेलं रोप तो उभं करत नाही.

एका कप्प्यात दोन बिया, उगवल्यावर अशक्त रोप कात्रीने कापायचं, उपटायचं नाही. दुसरं खरं पान आलं की आठवड्यातून एकदा १९:१९:१९ हे पाण्यात विरघळणारं खत लिटरला एक ग्रॅम. थंडीत टोमॅटो चार-पाच आठवड्यांत कुंडीत लावण्याजोगा होतो, मिरचीला सहा-सात लागतात.

कोथिंबीर ट्रेमध्ये लावायचीच नसते. धणे हलके रगडून दोन फाकी करा आणि थेट कुंडीत पेरा. मेथी, मुळा, गाजराचंही तेच. काकडी-दोडका कपात चालतो, पण दोन-अडीच आठवड्यांत मुळांचा गोळा न मोडता हलवा.

एक वेळेची गोष्ट. आता पेरलेला टोमॅटो मार्चमध्ये फुलेल आणि एप्रिलच्या चाळिशीजवळच्या उन्हात बरीच फुलं गळतील, म्हणून दुपारी शेडनेटची तयारी ठेवा. फेब्रुवारीचा मध्य उलटला तर टोमॅटोचं पाकीट बंद डब्यात जूनपर्यंत ठेवून द्या. कोरडं राहिलं तर ते तीन-चार वर्षं उगवतं. कांद्याच्या उळ्याला (बियाण्याला) मात्र हे लागू नाही, ते वर्षाच्या आतच वापरायचं.