राजमुद्रा, बोधचिन्ह आणि भाताची मूद

एका ताईंनी विचारलंय की त्यांच्या मुलीने सहावीच्या निबंधात सिंहांच्या चित्राखाली 'भारताची राजमुद्रा' असं लिहिलं, बाईंनी ते खोडून 'बोधचिन्ह' केलं आणि शेरा मारला की आपल्याकडे राजा नाही. तर बरोबर काय?

ताई, राजमुद्राच. राष्ट्रचिन्ह लिहिलं असतं तरी चाललं असतं. बोधचिन्ह क्रिकेटच्या स्पर्धेला असतं, बँकेला असतं, साहित्य संमेलनाला असतं, देशाला काहून पाहिजे? २६ जानेवारीला आमच्या सोसायटीत झेंडावंदनानंतर माइकवरचा पोरगा 'भारताचा लोगो' म्हणाला तेव्हा माझ्या हातातला बुंदीचा लाडू हातातच राहिला. आणि काही जण त्यालाच अशोकचक्र म्हणतात, अरे राजेहो, अशोकचक्र झेंड्यावर आहे, २४ आऱ्यांचं, ज्या गावात दीक्षाभूमी आहे त्या गावात तरी हा घोळ होऊ नये.

राजा गेला म्हणून 'राज' पण काढायचं तर राजदूत, राजभाषा, आणि ज्यांच्या सहीसाठी आपण झेरॉक्सचा गठ्ठा घेऊन फिरायचो ते राजपत्रित अधिकारी, यांचं काय करायचं? या राजचा अर्थ राज्य, शासन. संपलं. बाकी सारनाथचं सिंहशीर्ष, १९०४-०५ च्या उत्खननात सापडलं, २६ जानेवारी १९५० ला स्वीकारलं, सिंह चार पण दिसतात तीन, खालचं सत्यमेव जयते मुंडकोपनिषदातलं, हे सगळं शाळेच्या पुस्तकात आहे.

खरी गंमत 'मुद्रा'त आहे. मुद्रा म्हणजे मुळात ठसा उमटवायची अंगठी, तीच मुद्रिका आणि तीच आपली मुदी. अंगठीवरून ठसा, ठशावरून मुद्रण, मुद्रक, मुद्रांक. सिव्हिल लाइन्सला कोर्टाबाहेर पाचशेचा स्टॅम्प पेपर घ्या, वर मधोमध तेच सिंह, म्हणजे मुद्रांकावर राजमुद्रा, मायलेकी एकाच कागदावर.

आणि माझी सगळ्यात लाडकी म्हणजे भाताची मूद. वाटीला आतून पाण्याचा हात लावायचा, गरम भात दाबून भरायचा, पानात उपडी करून बुडावर दोन टिचक्या मारायच्या आणि अलगद उचलायची, वाटीच्या काठाची रेघसुद्धा भातावर उमटलेली दिसते. हा शिक्काच झाला ना! मुद्रा, प्राकृतात मुद्दा, मराठीत मूद, जसं निद्रा, निद्दा, नीद. आमच्या ओळखीचे एक संस्कृतचे निवृत्त सर आहेत, ते दर वेळी मान हलवून सांगतात की मूद 'मृदू'वरून आली, भात मऊ असतो म्हणून. सर, मृदूचं मराठीत जे व्हायचं ते कधीच होऊन गेलंय, त्याचंच 'मऊ' झालं, त्यातला द केव्हाच गळाला, तो परत कुठून आणता? आणि मऊ म्हणून मूद, तर मग गुरगुट्या भाताची का पडत नाही? यावर सर म्हणतात तुम्ही व्याकरण शिकलेले नाही. नसेन बे, पण भात वाढलाय आयुष्यभर.

आता मोहर. सोन्याची मोहर, कचेरीची मोहर, ही फारसीतून आली (आंब्याचा मोहोर वेगळा हं, तो संस्कृत मुकुलाच्या, म्हणजे कळीच्या घरचा, कोणीतरी दोन्ही एक करतं आणि माझं डोकं फिरतं). तर फारसी मोहर आणि संस्कृत मुद्रा हे एकाच घरचे, आणि आपला मुद्रा शब्दच मुळात इराणातून आला असं मानणारे पंडितही आहेत. मी त्याच्याही एक पाऊल पुढे जातो. इराणचा प्राचीन सम्राट दरायस, त्याच्या बेहिस्तूनच्या शिलालेखात इजिप्तचं नाव काय आहे? मुद्राय! आणि इजिप्तवाले शेणकिड्याच्या आकाराचे शिक्के अंगठीत बसवून वापरायचे. म्हणजे जशी चीनची ती चिनी (आपली साखर हो) तशी मुद्रायची ती मुद्रा, असं मला गेली दहा वर्षं वाटतंय आणि घरचे आता ऐकत नाहीत. हसा, पण वर्धा रोडच्या सिग्नलला पुढच्या गाडीच्या काचेवर 'मुद्रा भद्राय राजते' दिसलं की मला तरी तो शेणकिडाच आठवतो. आणि हो, तिथला 'राजते' म्हणजे शोभते, महाराजांच्या मुद्रेत आहे म्हणून त्याचा अर्थ 'राज्य करते' असा सांगत सुटू नका. पत्राच्या शेवटी उमटायची ती मोर्तब, तिच्यात 'मर्यादेयं विराजते' आहे, तिथेही शोभणंच. वर शिक्का, खाली मोर्तब, म्हणून शिक्कामोर्तब.

हं, मुलीचं राहिलंच. बाईंशी भांडू नका, फक्त सरकारी गॅझेटचा एक अंक नेऊन दाखवा, वरच छापलेलं असतं, 'महाराष्ट्र शासन राजपत्र'.